सॉन्टर डेकवर उलट दिशेने

"इंग्रजीतला असा एक शब्द काढून दाखवा, ज्याचं गाव मला ठाऊक नाही. चॅलेंज!"

उत्तम शिरसाट सर असं बोलले आणि क्लबहाउसच्या प्लास्टिकच्या खुर्चीत ऐसपैस मागे रेलले. चौतीस वर्षं ठाण्याच्या शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस. रिटायर झाला तरी वर्ग काही सुटत नव्हता. फक्त वर्गात आता मुलं नव्हती. सोसायटीने नव्या सभासदांसाठी ठेवलेला चहा होता, कागदी प्लेटमध्ये दोन वेफर आणि एक खारी होती, आणि समोर चार माणसं होती. सरांना एवढं पुरे होतं.

"आता कोच घ्या," सर म्हणाले. "बसचा कोच, क्रिकेटचा कोच. हा शब्द हंगेरीतल्या एका खेड्याचा. खेड्याचं नावच कोच. तिथे घोडागाड्या बनायच्या. बंगला घ्या, तो बंगालचा. ॲम्ब्युलन्स घ्या. मुळात अर्थ काय, तर चालता दवाखाना! लॅटिनमधून आलाय. माणसाचं आधार कार्ड असतं, तसं प्रत्येक शब्दाचं असतं."

"अरे वा," सेक्रेटरी प्रफुल्ल तावडे म्हणाले आणि सरांच्या प्लेटमध्ये आणखी एक खारी ठेवली. तावडे मूळचे देवगडचे, एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज, आणि सोसायटीत सगळ्याचेच इन्चार्ज.

तेवढ्यात बी-टॉवरची संचिता, जी चहाला नव्हे तर पार्सल घ्यायला आली होती, तिने कानातला इअरफोन काढून विचारलं, "सर, मग सॉन्टर?"

"काय?"

तिने बोट दाखवलं. काचेच्या दारापलीकडे पोडियमवर, म्हणजे पार्किंगवरच्या गच्चीवर, कुंड्यांच्या मधोमध, बिल्डरने पितळी अक्षरांत पाटी लावलेली होती: सॉन्टर डेक. चालायच्या ट्रॅकचं नाव. बिल्डरांचं असंच असतं. चार बाकांना ते झेन झोन म्हणतात, चालायच्या फरश्यांना सॉन्टर डेक. सात टॉवरमधली साडेपाचशे कुटुंबं त्या पाटीखालून रोज जात होती आणि 'सेंटर डेक' असं वाचून पुढे सरकत होती.

सरांनी तोंड उघडलं. खारीचा तुकडा आत होता, तो गिळला. परत उघडलं.

"म्हणजे... निवांत, काही कारण नसताना, रमतगमत फिरणं," सर म्हणाले.

"अर्थ नाही ओ सर. गाव. गाव कुठलं?"

खुर्चीचा मागचा पाय जरा मुडपला. सर सावरून बसले. "उद्या सांगतो."

चौतीस वर्षांत सर वर्गाला 'उद्या सांगतो' असं कधी म्हणाले नव्हते. संचिता पार्सल घेऊन गेलीसुद्धा. तिला उद्या काय, परवासुद्धा आठवणार नव्हतं. पण सर चौदाव्या मजल्यावर आले, दिवा लावला आणि खोके फोडायला बसले. वर्तकनगरची जुनी बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, म्हणून मुलगा सूरजने गुंतवणूक म्हणून घेतलेल्या मानपाड्याच्या या फ्लॅटमध्ये ते आलेले. सूरज आणि अक्षदा बंगळुरूला. मालन, सरांची बायको, दोन वर्षांपूर्वी वर्तकनगरच्या घरातच वारली. तेव्हा फ्लॅटमध्ये सर आणि अकरा खोके. तीन डिक्शनऱ्या सातव्या खोक्यात निघाल्या, मालनच्या पातेल्यांखाली.

पहिली डिक्शनरी म्हणाली, मूळ अज्ञात. दुसरी म्हणाली, काही लोक सांगतात की जुन्या काळी भटके लोक पवित्र भूमीला निघालोय असं सांगून दारोदार भीक मागायचे, त्या फ्रेंच 'पवित्र भूमी'वरून हा शब्द आला. पण ती नुसती गोष्ट आहे, पुरावा नाही. तिसरी म्हणाली, काही लोक सांगतात की ज्याला जमीन नाही, घर नाही, त्याला फ्रेंचमध्ये जे म्हणत त्यावरून आला. पण तीही गोष्टच. एवढं मात्र लिहिलं होतं की सगळ्यात आधी, पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी, या शब्दाचा चालण्याशी संबंधच नव्हता. त्याचा अर्थ होता, स्वतःच्या विचारात हरवून बसणं. चालायला तो फार नंतर लागला.

सरांनी तिन्ही पुस्तकं मिटली. अपमान झाल्यासारखं वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. एवढ्या मोठ्या भाषेत एक शब्द असा निघाला होता, ज्याला ना गाव, ना नातेवाईक. लोक त्याच्याबद्दल काहीबाही गोष्टी सांगतात आणि पुढे जातात.

"चला," सर पातेल्यांना म्हणाले, "उद्यापासून आपणही चालायला लागू."

आता सरांच्या चालण्याबद्दल सांगायला हवं. सर आयुष्यात कधी फिरायला गेले नव्हते. शाळेत गेले, बँकेत गेले, पेपर तपासायला गेले, लग्नाला गेले. मालन रोज संध्याकाळी फिरून यायची आणि रोज विचारायची, येताय का. सरांसमोर कायम सातवी ब-च्या वह्या असायच्या. एकदाच गेले तिच्याबरोबर. तेव्हा ती दहा पावलं मागून ओरडली होती, "अहो, तुम्ही चालत नाही ओ, तुम्ही फक्त पोचता!"

तर सर सकाळी साडेसहाला पोडियमवर पोचले.

डेकवर रोजची अकरा माणसं होती. खाली दोन मजले गाड्या, वर फरशी, फरशीवर ट्रॅक, ट्रॅकच्या एका कोपऱ्यात पाय दाबायची गोटे-गोटे लावलेली पट्टी आणि दुसऱ्या कोपऱ्यात कारंज्याशेजारी दगडी बुद्धाचा नुसता चेहरा. धड नाही, मान नाही. पहिल्या दिवशी सरांना ते बघून वाईट वाटलं होतं. आमच्या घरात बुद्ध पूर्ण असतात, असं ते तावड्यांना म्हणालेही होते. तावडे म्हणाले होते, "सर, पॅकेजमध्ये तेवढाच आला."

अकराच्या अकरा जण एकाच दिशेने चालायचे. घड्याळासारखे. डावीकडून उजवीकडे, देवळात प्रदक्षिणा घालतात तसे. असं का, ते कुणालाच सांगता आलं नसतं. पझेशन मिळालं त्या दिवशी पहिला माणूस तसा चालला, दुसरा त्याच्या मागून गेला, झाला नियम. सरांनाही काही वावगं वाटलं नाही. स्तूपालाही लोक तसेच फिरतात.

पण सरांचा गुडघा हळू आणि माणसं भराभर. पाठीमागून यायचे, बाजूने जायचे, पुढे निघून जायचे. तावडे जायचे, संचिता पळत जायची, तीन बायका हात हलवत जायच्या. पंचेचाळीस मिनिटं सर चालले आणि पंचेचाळीस मिनिटं त्यांना पाठी दिसल्या. एक चेहरा नाही. असं तीन आठवडे. सरांना आता माणसं पाठीवरून ओळखू यायला लागली. तावड्यांच्या टी-शर्टचं लेबल कायम बाहेर. सीतारामआबांच्या खांद्यावर दुखण्यासाठी चिकटवलेली औषधी वासाची पट्टी. मीराबाईंचा आंबाडा आणि त्यात खोचलेली अबोली. पूर्ण ट्रॅकवर सरांकडे तोंड करून फक्त कारंज्याशेजारचा तो दगडी चेहरा होता आणि त्याचे डोळे मिटलेले होते.

वर्तकनगरला सर पाव आणायला उतरले की अर्ध्या तासाने पाव न घेताच परत यायचे, इतकी माणसं भेटायची. इथे ते चालून आले की घसा साफ करून बघायचे, आवाज आहे ना.

मग एका मंगळवारी सरांचा रुमाल पडला.

वाऱ्याने रुमाल मागे मागे निघाला. सर वळले आणि त्याच्या मागून उलट चालायला लागले. आणि बघतात तर काय, समोरून चेहरा! पाठोपाठ आणखी एक चेहरा!

"गुड मॉर्निंग सर!" तावडे.

"जय भीम मास्तर!" मीराबाई.

"काय सर, उलटे कुठे?" सीतारामआबा. हसले. आबांना पुढचे दोन दात नाहीत हे सरांना तीन आठवड्यांनी कळलं.

रुमाल कारंज्यात जाऊन पडला. सरांनी तो काढला नाही. ते तसेच उलट चालत राहिले आणि अर्धी फेरी व्हायच्या आत त्यांना शोध लागला. लोकांच्या दिशेने चाललात तर कुणीच भेटत नाही. लोकांच्या उलट चाललात तर प्रत्येक माणूस एका फेरीत दोनदा भेटतो! इतका साधा शोध, आणि अडुसष्टाव्या वर्षी!

घरी येऊन त्यांनी सूरजला फोन केला.

"पप्पा, सगळं ठीक ना? वर्किंग डे आहे."

"अरे, आज बावीस माणसांशी बोललो."

"वा! काय बोललात?"

सरांनी विचार केला. "गुड मॉर्निंग."

तिथेच अडचण होती. समोरून येणारा माणूस सरांच्या वाट्याला तीन सेकंद येतो. तीन सेकंदांत गुड मॉर्निंग होतं, बोलणं होत नाही. पण सर शिक्षक होते. पोर्शन मोठा आणि पिरियड छोटा, हे त्यांना नवीन नव्हतं. त्यांनी बोलणं हप्त्यांवर लावलं.

"आबा, पोटाचं कसं काय?" पहिली भेट.

अर्ध्या फेरीनंतर आबा समोरून येत येत, "काल रात्री इसबगोल घेतलेला—"

पुढच्या भेटीत, "—पण जागचं हललं नाही बघा."

त्यापुढच्या भेटीत सर, "कोमट पाण्यातून घ्या, आबा."

अशी आबांच्या पोटाची एक गोष्ट दोन फेऱ्या चालायची. तावड्यांबरोबर टँकरच्या पाण्याचा विषय होता. संचिताबरोबर रोज एक इंग्रजी शब्द, कारण ती पळत यायची आणि तिच्याशी दर मिनिटाला भेट व्हायची. मीराबाईंबरोबर जमिनीचा विषय. मीराबाई मानपाड्याच्या जुन्या आगरी घरातल्या. हे सात टॉवर उभे आहेत तिथे त्यांच्या वडलांचं भाताचं शेत होतं आणि त्या बदल्यात त्यांना डी-टॉवरला फ्लॅट मिळालेला.

"मास्तर," त्या एका भेटीत म्हणाल्या, "ह्यो तुमचा कारंजा हाय ना—"

अर्ध्या फेरीनंतर, "—तिथं आमची विहीर व्हती."

सरांचे ते दिवस फार चांगले गेले. सकाळी उठायला कारण होतं. रात्री ते कागदावर लिहून ठेवायचे की उद्या कुणाशी काय बोलायचं. मिशा कापायला लागले. चौदाव्या मजल्यावर परत आले की खोल्यांतून हप्ते मोठ्याने पुन्हा म्हणून बघायचे, आबांचा एक, बाईंचा एक. आणि ते म्हणताना कधीकधी स्वयंपाकघराच्या दाराशी थांबायचे, कारण तिसरा हप्ता मालनला सांगायचा असायचा आणि मालन समोरून येत नव्हती.

एकाच वेळी अकरा संभाषणं चालवायची म्हणजे खेळ नाही. त्यातून तो गुरुवार. संचिताच्या ऑफिसची मीटिंग सकाळीच लागलेली, म्हणून ती जास्त जोरात पळत होती आणि आबांचं पोट जास्त जड, म्हणून ते जास्त हळू. सगळा क्रम चुकला. सर आपल्या नादात वळणावर आले, समोर कोण आहे ते बघितलं नाही आणि आबांचा हप्ता सोडून दिला:

"मग, झालं का एकदाचं मोकळं?"

समोर संचिता होती. फोन कानाला होता आणि पलीकडे पुण्याचे आठ जण ऐकत होते.

सर गडबडले. चूक दुरुस्त करायची म्हणून पुढे आबा दिसताच त्यांनी संचिताचा हप्ता आबांना देऊन टाकला. "अँबल! म्हणजे मुळात घोड्याची मंद चाल. तुम्हाला शोभून दिसते!"

"घोडा?" आबा जागीच थांबले. साताऱ्याचा माणूस, पोट साफ नाही, त्यात घोडा. "कोण घोडा?"

त्यामुळे आबांच्या मागचे तावडे सरळ आबांवर आदळले. मोबाइल उडाला, फरशीवर पडला, आणि तावडे तो उचलायला वाकलेले असताना सर, डोकं पुरतं फिरलेले सर, मीराबाईंसाठी ठेवलेलं वाक्य तावड्यांना बोलून गेले:

"तुमच्या वडलांची जमीन ही! तुम्हाला कोण काय बोलणार!"

तावडे हळूहळू सरळ उभे राहिले. स्क्रीनला कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा गेलेला होता.

"सर," ते म्हणाले, "पर्सनली घेऊ नका. पण हे मीटिंगमध्ये घ्यायला लागेल."

रविवारी मीटिंग लागली. नोटीस लिफ्टमध्ये चिकटवली होती. विषय एक, लिफ्टचं सर्व्हिसिंग. विषय दोन, टँकर. विषय तीन, कबुतरांच्या जाळ्या. विषय चार, सॉन्टर डेकवर विरुद्ध दिशेने चालणाऱ्या सभासदाबाबत.

'सभासदाबाबत.' सरांनी ती नोटीस सहा वेळा वाचली. उलट चालणं बंद झालं तर काय होणार, हे त्यांना नीट माहीत होतं. परत पाठी. मग त्यांनी सातव्या खोक्यातल्या तिन्ही डिक्शनऱ्या काढल्या, लग्नातला निळा शर्ट इस्त्री केला आणि आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं लेक्चर तयार केलं.

कबुतरांवर पाऊण तास गेला. मग सर उभे राहिले.

"सभासदहो," सर म्हणाले, "आपल्या ट्रॅकवर पाटी आहे. सॉन्टर. बिल्डरने ब्रोशरमध्ये हेच छापलं आणि आपण ते वाचून घरं घेतली. या शब्दाचा अर्थ काय? वाटेल तसं, वाटेल तिकडे, काही हेतू न धरता हिंडणं. ज्या चालण्याला दिशाच नाही, त्याला आपण उलट दिशा कशी म्हणणार? हा शब्द पाचशे वर्षांपूर्वी निघाला तेव्हा त्याचा अर्थ विचारात हरवणं असा होता. विचारात हरवलेल्या माणसाला डावं-उजवं असतं का?"

मागच्या रांगेतल्यांनी मोबाइल खाली ठेवले. सरांना वाटलं, वर्ग हातात आला. आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि खरं सांगू? मी तुमच्या दिशेने चाललो की मला तुमच्या पाठी दिसतात. मी चौदाव्या मजल्यावर एकटा असतो. मला चेहरे बघायचे असतात, बस."

कुणीतरी खुर्ची सरकवली. कुणीतरी छताच्या पंख्याकडे बघितलं. तावडेसुद्धा फुटलेल्या मोबाइलकडे बघत राहिले.

मग आबांनी हात वर केला. "ते सगळं ठीक. पण हा शब्द आलाय कुठनं? कुणाचा आहे?"

सर खोटं बोलू शकले असते. पवित्र भूमीची गोष्ट तयार होती. लोकांना आवडलीही असती. पण चौतीस वर्षांची सवय.

"ते कुणालाच माहीत नाही," सर म्हणाले.

"बघा!" आबा सगळ्यांकडे वळले. "कुठनं आला ते माहीत नाही, आणि आम्हाला घोडा म्हणतो!"

मतदान झालं. सरांच्या बाजूने एक हात वर गेला. मीराबाईंचा.

"मना कई कललं नाय," त्या म्हणाल्या, "पन मास्तर खरा बोलतंय. आमचा बापूस ह्याच जागेवं बांधावरशी चालायचा. कवा सुलटा, कवा उलटा. भात त्याला कई बोललं नाय."

"बाई, भाताची सोसायटी रजिस्टर नव्हती," तावडे म्हणाले. लोक हसले. पण तावडे मनाने वाईट माणूस नव्हते. घरी जाताना त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, मला पण बरं नाही वाटलं हां. मी काहीतरी मधला मार्ग काढतो. तुमच्या मानाचं काहीतरी करतो. माझ्यावर सोडा."

सोमवारपासून शनिवारपर्यंत सर सुलट चालले. लेबल, वासाची पट्टी, आंबाडा. लेबल, वासाची पट्टी, आंबाडा. हप्ते सगळे अर्धे राहिलेले. आबांनी इसबगोल कोमट पाण्यातून घेतला की नाही, कळायला मार्ग नाही. विहिरीचं पुढे काय झालं, कळायला मार्ग नाही. सरांनी एकदा जोर लावून मीराबाईंना गाठायचा प्रयत्न केला, तर दम लागून झेन झोनच्या बाकावर वीस मिनिटं बसावं लागलं, आणि त्या वीस मिनिटांत अकराच्या अकरा जण समोरून पाच-पाच वेळा गेले, प्रत्येक जण पुढे बघत. बसलेल्या माणसाशी चालणारा माणूस बोलत नाही. त्याला वाटतं, हा आराम करतोय.

शुक्रवारी लिफ्टमध्ये नवी नोटीस लागली. सही प्रफुल्ल तावडे. 'ज्येष्ठ सभासद श्री. शिरसाट सर यांच्या भावनांचा आदर राखून, सॉन्टर डेकवर दर रविवारी उलट दिशेने चालण्यास कमिटीने मान्यता दिली आहे.'

सरांचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोला, भरूनच आले. शनिवारी रात्री त्यांनी अकरा जणांच्या अकरा गोष्टी क्रमाने कागदावर लिहिल्या. यावेळी गोंधळ नको म्हणून प्रत्येकाला वेगळ्या रंगाने. सूरजचा फोन आला. "पप्पा, कुणाशी बोलता ना?"

"उद्या," सर म्हणाले. "उद्या रविवार."

रविवारी सर सव्वासहालाच पोडियमवर. नवीन पांढरे बूट. पितळी पाटीखाली उभे राहिले, श्वास घेतला आणि उलट दिशेने निघाले. पहिलं वळण गेलं, कुणी आलं नाही. लवकर आलोय, ठीक आहे. दुसऱ्या वळणावर पावलांचा आवाज आला. पण मागून आला. बाजूने तावडे गेले. लेबल. मग तीन बायका हात हलवत. मग संचिता. मग वासाची पट्टी.

सर थांबले.

सगळेच उलट चालत होते. अकराच्या अकरा. नोटीस सगळ्यांनी वाचली होती, आणि सात टॉवरमध्ये नोटीस म्हणजे नोटीस. रविवारी उलट, तर सगळे उलट. तावडे पुढे जाता जाता मागे न बघता अंगठा वर करून गेले. "सर, हॅपी ना?"

तीन सेकंदही झाले नाहीत.

सर कारंज्यापाशी उभे राहिले. मिटलेल्या डोळ्यांच्या चेहऱ्याशेजारी आणखी एक चेहरा. जरा वेळाने त्यांनी काय केलं, तर ते वळले आणि सुलट चालायला लागले. रोजच्या नियमाने. त्या दिवशीच्या नियमाविरुद्ध.

आणि चेहरे आले!

"अहो सर, उलट! आज उलट!" तावडे.

"सर, राँग साइड!" संचिता. चक्क इअरफोन काढून.

"शिरसाट, आज रविवार आहे ओ!" आबा. थांबलेच! "आणि इसबगोल लागू पडला बरं का!"

"मास्तर, आवरा!" मीराबाई हसत हसत. "तुमच्यासाठनीच केलाय ना समद्यांनी!"

अकरा जण सरांशी बोलले. भांडले म्हणा, ओरडले म्हणा, पण बोलले. दुसऱ्या फेरीत परत बोलले. सरांना इतकं काही सांगायचं होतं की कागद खिशातून काढायचंही सुचेना. तेवढ्यात गेटवरचा सिक्युरिटीवाला भगवान शिट्टी फुंकत धावत आला, कारण त्याला सांगून ठेवलेलं की रविवारी सुलट जाणारा दिसला तर अडवायचा. सरांनी शिट्टीकडे वळून बघितलं आणि नवा पांढरा बूट गोट्यांच्या पट्टीवर पडला.

घोटा. एक्स-रे. बारीक फ्रॅक्चर. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे चालायचं नाही, असं डॉक्टरने तीनदा सांगितलं.

दुपारी साडेबाराला रिक्षा टॉवरखाली आली तेव्हा दोन्ही लिफ्ट बंद होत्या. विषय एक. सर्व्हिसिंगवाले आलेले आणि पॅनेल उघडून बसलेले. "दोन तास लागतील साहेब."

तावड्यांना फार अपराधी वाटत होतं. ते धावत गेले आणि क्लबहाउसमधून लाकडी खुर्ची घेऊन आले. सरांना बसवलं. पुढून तावडे आणि भगवान, मागून सी-टॉवरचे दोन धट्टेकट्टे जावई. मागोमाग एक्स-रेचं पाकीट घेऊन आबा, कुबड्या घेऊन संचिता आणि पाण्याची बाटली घेऊन मीराबाई. अशी वरात चौदा मजले चढायला निघाली.

पहिल्या मजल्यावर टेकवली. दुसऱ्यावर टेकवली. प्रत्येक मजल्यावर खुर्ची खाली ठेवायची, घाम पुसायचा, आणि सगळे सरांकडे तोंड करून उभे. तिसऱ्या मजल्यावर आबांनी पोटाची पूर्ण गोष्ट सांगितली, सलग, न तोडता. चौथ्यावर मीराबाईंनी सांगितलं की विहिरीत एकदा म्हैस पडलेली आणि अख्खा पाडा जमलेला. पाचव्यावर तावड्यांनी कबूल केलं की मोबाइल तसाही जुनाच होता. सहाव्यावर भगवानने सरांची माफी मागितली, आणि सरांनी त्याला विचारलं की तो कुठला, तर तो आंबिवलीचा निघाला आणि त्याची आई शाळेत शिपाई होती. सातव्यावर कुणाच्या तरी घरातून सरबत आलं. पाय ठणकत होता, आणि टॉवरला अजून मजले असते तर बरं झालं असतं असं सरांना वाटत होतं.

"सर," आठव्यावर संचिताने विचारलं, "सॉन्टर सोडा. वॉकचं गाव तरी माहितीये का?"

सरांनी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. सात जण, सात चेहरे. पिरियड संपायला सहा मजले होते.

"वॉक," सर सावकाश म्हणाले. "ह्याचाही आधी चालण्याशी संबंध नव्हता. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ लोळणं, गडगडणं. लाटेने हेलकावे खाणं."

"मग पाय कधी आले त्याला?" तावडे खुर्ची उचलता उचलता म्हणाले.

"ते वरच्या मजल्यावर सांगतो. आधी हे ऐका, इंग्लंडात एक जात होती कामकऱ्यांची. ओली लोकर हौदात टाकून दिवसभर पायांनी तुडवायचे. त्यांना म्हणायचे वॉकर."

"दिवसभर एकाच जागी?" आबा म्हणाले. "म्हणजे आपल्या ट्रॅकसारखंच की ओ!"

सगळे हसले. जावईसुद्धा हसले आणि खुर्ची हलली. नवव्या मजल्यावर ती टेकवली. मीराबाईंनी सरांना पाणी दिलं, संचिता पायरीवर बसली, आबांनी भिंतीला पाठ टेकली. सरांनी घसा साफ केला.

"तर ती लोकर तुडवून तुडवून—"

लिफ्ट चालू झाली. नऊ ते चौदा, अकरा सेकंद लागले.